अडीच घागरींचा बंब

मी तांब्याचा बंब आहे. मंगरूळपीरला उत्तमचंद शेठजींच्या न्हाणीत उभा असायचो. माझं पोट लहान आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, लहान घराला लहान बंब लागतो. पण ज्या घरासाठी माझं पोट बेतलं, त्या घराला ते पुरलं नाही. कोणाला पुरलं नाही हे आठवलं, की राख थंड झालेली असतानाही मला आतून चटका बसतो.

आधी मी कसा चालतो ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. माझ्या पोटात मधोमध एक उभी नळी आहे. तिच्यात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, जळतात आणि भोवतीचं पाणी तापतं. खाली पितळी तोटी आहे. तोटीतून जितकं गरम पाणी काढाल तितकं गार पाणी वरच्या तोंडातून ओतायचं, हा नियम. कारण पाणी कमी असताना जाळ केला तर माझा सांधा उकलतो. पण गार ओतलं की आतलं पाणी निवत जातं. पहिल्याला कढत मिळतं, दुसऱ्याला गरम, आणि शेवटच्याला जे उरेल ते.

माझा आकार ठरला तेव्हा मी नुसता पत्रा होतो. जानराव तांबट मला गुंडाळून बगलेत घेऊन शेठजींच्या अंगणात आला होता. दिवाळी नुकतीच झाली होती. शेठजींची मुलगी जतनबाई कामरगावला दिलेली, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या घरात तोवर आंघोळीचं पाणी चुलीवरच्या हंड्यात तापत असे. पण सुवेराचं, म्हणजे बाळंतिणीच्या विटाळाचं, पाणी सैपाकाच्या चुलीवर चढवायची रीत नव्हती. म्हणून न्हाणीत बंब बसवायचा ठरला.

"मानसं किती घरात?" जानरावनं विचारलं. बंब मागायला आलेल्या प्रत्येकाला तो हेच विचारायचा.

"चौघं," शेठजी म्हणाले. "मी, ही, कांती, अन् आता जतन. एक येनारं."

"चार घागरीचा करा वो जानरावभाऊ," ओसरीवरून कांतीलाल ओरडला. हा शेठजींचा धाकटा. शाळा तिसरीतच सोडलेला, वडिलांच्या कापडाच्या दुकानात ठाण फाडायला बसायचा. बोलायचं ते ओरडून, आणि ठरवायचं ते उभ्या उभ्या, अशी त्याची तऱ्हा.

"चार घागरी?" जानराव हसला. "काय म्हैस न्हाऊ घालता का घरात?"

"तू गप रे," शेठजी मुलाला म्हणाले. मग जानरावकडे वळले. "पान्यातबी जीव हाये, जानराव. लागन तितकंच तापवायचं. जास्तीचं तापवून फेकलं म्हंजे उगाच हिंसा. दिवसातून एक जाळ, अन् त्या जाळात सगळ्यांचं व्हायला पायजे. मी एकेकाले इचारतो."

शेठजी कंजूस नव्हते. हे मी आधीच सांगतो, कारण पुढं तुम्हाला तसं वाटेल. सरपणात मुंगी आहे का ते पाहिल्याशिवाय त्या घरात काडी जळत नसे. पाणी गाळल्याशिवाय कोणी पीत नसे. गरजेपुरतं घ्यावं एवढंच त्यांना हवं होतं. गरज किती, ते विचारलं की कळतं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

"मले एक बादली," ते म्हणाले.

"बाबूजी, तुमची बादली पाह्यली का? पिंप हाये ते," कांती म्हणाला.

"तुले किती?"

"मले दोन. थंडीत अडीच."

"तुले एक. अन् तुले वो?"

शेठाणी गुलाबबाई खांबापाशी उभ्या होत्या. "मले काय, मले गारच पानी बरं लागते," त्या म्हणाल्या. "गरमानं चक्कर येते."

जतनबाई सुपात ज्वारी निवडत होती. कांती तिला जिजी म्हणायचा. तो तिच्याकडं वळला. "जिजी, तू सांग. बाबूजीले नको भिऊ."

"मले एक बादली पुरे," ती म्हणाली. "तेबी भरून नको."

"सासरी किती घेते?"

"सासरी?" ती खुदकन हसली. "सासरी माझा नंबर येते तोवर बंबच झोपून जाते."

सगळे हसले. गुलाबबाई तोंडाला पदर लावून हसल्या, जानराव मांडीवर थाप मारून हसला. तिनं हसत हसत सगळं सांगून टाकलं होतं. पण हसण्यात सांगितलेलं कोण धरतो?

मग शेठजींनी हिशेब केला. चौघांच्या चार बादल्या. बादलीत अर्धं कढत आणि अर्धं विसणाचं गार पाणी, म्हणजे कढत पाणी फक्त दोन बादल्यांचं. बाळाला दोन-चार तांबे. गुलाबबाईंना गारच बरं लागतं, तेव्हा त्यांचंही थोडं वजा. घागरीत बादलीभर मावतं, म्हणजे दोन घागरींचा बंब पुष्कळ.

"चार!" कांती ओरडला.

"दोन."

"मंग अडीच करतो," जानराव कंटाळून म्हणाला. "ना तुमचं, ना त्याचं."

असं माझं पोट ठरलं. वजाबाकी बरोबर होती. चूक होती ती सुपात ज्वारी निवडत सगळ्यांच्या समोर बसलेली होती, पण तिच्याकडं बघायला पुरुषांपैकी कोणाला सुचलं नाही. जानरावला सुचलं नाही, कारण तो बंब करून देतो, बाळंतपण करत नाही. गुलाबबाईंना कळत होतं. पण कापडाच्या दुकानदाराला आणि तांबटाला त्या अंगणात उभ्या राहून काय सांगणार?

जानरावनं मला ठोकून ठोकून गोल केलं. आत नळी बसवली, सांधे झाळले, तोटी लावली. पत्रा असताना मला वाटायचं, मी काहीही होऊ शकतो. घागर, परात, देवळाचा कळस. बंब झालो तेव्हा थोडा हिरमुसलो होतो. पण शेठजींच्या घरी न्हाणीत ठेवल्यावर जतनबाईनं चिंच आणि राख घेऊन मला लख्ख घासलं, तेव्हा मात्र वाटलं, हे बरं झालं.

ते दोन महिने सुखाचे गेले. सकाळी जतनबाई माझ्यापुढं पाट टाकून बसायची. पोट पुढं आल्यामुळं तिला वाकता येत नसे. मऊ फडक्यानं एकेक पऱ्हाटी पुसायची, किडामुंगी झटकायची, मग नळीत सोडायची. कांती येऊन म्हणायचा, "असं पुसत बसशीन तं आंघोळ उद्या होईन माझी." ती म्हणायची, "तुझ्या आंघोळीची काय गरज हाये? माशाबी येत नाहीत तुझ्यापाशी." तो तिच्या हातातली काडी ओढायचा, ती त्याच्या हातावर चापट मारायची.

माणसं आंघोळीला आली की कशी उघडी पडतात ते मी पाहिलं. शेठजी पाणी अंगावर घ्यायच्या आधी हात जोडायचे. कांती गिऱ्हाइकांशी भांडायचा. दुकानात जे बोलायचं धाडस झालं नाही ते सगळं न्हाणीत बोलायचा, आणि प्रत्येक वाक्याला एक तांब्या डोक्यावर ओतायचा. भांडण मोठं असलं तर पाणी जास्त लागायचं. गुलाबबाई आंघोळ इतकी झटपट उरकायच्या, की त्या आल्या कधी आणि गेल्या कधी हे मला कळत नसे. त्या वेळी मी त्याला कामाची घाई समजत होतो.

पौषात जतनबाईला मुलगी झाली.

थंडी त्या वर्षी कडाक्याची होती. विहिरीतून काढलेलं पाणी बोटं बधिर करायचं. पहिले काही दिवस सुईण येत होती, ती तिच्या घरून पाणी तापवून आणायची. मग ती दुसऱ्या बाळंतिणीकडं गेली आणि सगळं माझ्यावर आलं.

सुवेराची रीत अशी, की बाळंतिणीला शिवलं की आंघोळ केल्याशिवाय सैपाकघरात पाय टाकायचा नाही. सव्वा महिना असंच. म्हणून गुलाबबाई सकाळी आंघोळ करून सैपाक करायच्या, सगळ्यांना वाढायच्या, मग बाळाला आणि लेकीला न्हाऊ घालायच्या, आणि त्यानंतर पुन्हा स्वतः न्हायच्या. शेठजींच्या हिशेबात त्या एकच माणूस होत्या. न्हाणीत त्या दोनदा यायच्या.

दुसरी गोष्ट विसणाची. बाळंतिणीच्या अंगावर विसण घालून कोमट केलेलं पाणी कोणी ओततं का? तिची कंबर शेकायची असते, पाठ शेकायची असते. तिला कढतच पाणी लागतं. तिची एक बादली म्हणजे माझ्या पोटातली सबंध एक बादली. अर्धी नव्हे.

आणि पाळी अशी: आधी शेठजी, कारण त्यांना मंदिरात जायचं असायचं. मग कांती, कारण दुकान उघडायचं असायचं. मग गुलाबबाई. मग बाळ. मग जतनबाई. मग पुन्हा गुलाबबाई. बाळंतिणीच्या आधी सगळे उरकून घेत, म्हणजे विटाळ नको. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. घरोघरी असंच होतं.

जतनबाईची पाळी येईपर्यंत माझ्यात ऊब असायची, कढ नसायचा. मग त्या मायलेकींनी एक युक्ती केली. शेवटी शेवटी वरून गार पाणी ओतायचंच बंद केलं, म्हणजे उरलेलं तरी निवू नये. नियम मोडतोय हे गुलाबबाईंना माहीत होतं. पण जाळ विझलेला असल्यानं मला धोका नव्हता.

न्हाणीचं दार लावून त्या दोघी रोज भांडायच्या. हळू आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये असं.

"अजून दोन तांबे घे व माय. पाठ राह्यली."

"पुरे आई. झालं माझं."

"काय झालं? मी हात घातला ना पान्यात. कोमट हाये ते."

"मले कढत सोसत नाही."

"बाळंतिनीले कढत सोसत नाही? कोनाले शिकवून राह्यली तू?"

"तुले न्हायचं हाये अजून. तुह्यासाठी ठेव ते. मी काय, आता जाऊन शेगडीपाशी बसनार."

"मी घेईन गार. मले गारच बरं लागते."

"पौषात? मंग मीबी गारच घेईन. ओत, पाहू."

मग गुलाबबाई तांब्या खाली ठेवायच्या. जतनबाई दातावर दात दाबून, पदर घट्ट लपेटून बाहेर जायची. माझ्यात तिनं आईसाठी राखलेले चार तांबे असायचे. आणि गुलाबबाई ते काय करायच्या माहीत आहे? त्या पाण्यात बाळाची दुपटी बुचकळून काढायच्या. स्वतः विहिरीचं गार पाणी डोक्यावर घ्यायच्या. लेकीनं आईसाठी ठेवलेलं पाणी आईनंही घेतलं नाही, लेकीनंही घेतलं नाही. मी हे रोज बघत होतो. मला तोंड आहे, पण ते पाणी ओतायचं.

एका दिवशी कांती दुकानातून मधूनच घरी आला. कापड मोजायचा गज घरी विसरला होता. न्हाणीवरून जाताना त्याला आई दिसली. नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर तांब्या ओतत होती आणि तिचे दात वाजत होते.

"आई, काहून गार घेऊन राह्यली?"

"गरम हाये रे."

त्यानं बादलीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मग तो बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी गेला. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नव्हता, म्हणून तिथूनच ओरडला.

"जिजी, तुले पानी पुरते का?"

"पुरते ना."

"खरं सांग."

"अरे पुरते म्हनलं ना. जाय तू. बाबूजी एकटे हायेत दुकानात."

"शपथ घे माही."

आतून बाळाला थोपटल्याचा आवाज आला.

कांती तसाच न्हाणीत आला. आई तोवर लुगडं बदलायला गेली होती. पऱ्हाट्यांचा भारा सोडला आणि हाताला येतील तेवढ्या काड्या माझ्या नळीत कोंबल्या. पुसल्या नाहीत, झटकल्या नाहीत. वरून रॉकेल ओतलं आणि काडी लावली. "आता न्हाय म्हनावं," तो पुटपुटत होता, "आता घे म्हनावं पाह्यजे तितकं."

मला ओरडावंसं वाटत होतं. थांब, वेड्या, आधी पाणी घाल. तुझ्या आईनं आणि बहिणीनं वरून काही ओतलेलं नाही, तळाशी जेमतेम तांब्याभर आहे. त्याला कसं कळणार? तो नेहमी माझ्या भरल्या पोटाशी आंघोळ करणारा. पऱ्हाटीचा जाळ हूं म्हणून उठतो. वरची कोरडी नळी लाल झाली, आणि सांधा उकलला. उरलंसुरलं पाणी आगीवर पडलं. न्हाणीभर धूर आणि राख झाली. तापायला होतं तेही गेलं.

शेजारच्यांनी धूर पाहून शेठजींना बोलावलं. ते आले तेव्हा कांती राखेत उभा होता.

"दिवसातून एकच जाळ," शेठजी म्हणाले. "ठरलं होतं ना आपलं?"

"तुमी ठरवलं होतं! तिले इचारलं काय?"

"इचारलं होतं. तुह्यासमोर इचारलं. तिनं एक बादली सांगतली."

"अन् तुमी ते खरं मानलं!"

शेठजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात खोलीतून जतनबाईचा आवाज आला. "भांडू नका वो. सकाळपासून माह्या अंगात कसकस हाये. तुमच्या आवाजानं डोकं फुटून राह्यलं."

गुलाबबाई धावल्या. अंग भट्टीसारखं तापलं होतं.

मला जानरावकडं नेलं. दोन दिवस मी त्याच्या दुकानात पडून होतो, सांधा झाळून घेत. शेजारच्या घरांमधून गरम पाणी येत होतं म्हणे. मला ते नंतर कळलं. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. न्हाणीत बसून बघणं वाईट होतं, पण लांब पडून न बघणं त्याहून वाईट होतं.

परत आलो तेव्हा शेठजी स्वतः माझ्यापुढं पाटावर बसले. हे त्यांनी कधी केलं नव्हतं. फडक्यानं काड्या पुसल्या, हळूहळू, एकेक. मला काठोकाठ भरलं. सकाळी जाळ केला. दुपारी पुन्हा केला. संध्याकाळी पुन्हा. माझ्यात पाणी खळखळत होतं, तोंडातून वाफ जात होती, आणि ते घ्यायला कोणी येत नव्हतं. जतनबाईला ताप इतका होता, की तिला आंघोळ घालायची नव्हती. फक्त एक ओला पंचा लागायचा, तोही गार पाण्याचा. ज्या घरात जास्तीचा तांब्या तापवणं पाप होतं, त्या घरात मी दिवसभर उगाच उकळत राहिलो. शेठजींना कोणी थांबवलं नाही.  कांती दाराच्या चौकटीला टेकून वाफेकडं बघत बसायचा.

डॉक्टर येऊन गेले. शेठजींनी त्यांना अंगणात गाठून विचारलं. ते म्हणाले, हा ताप पाण्यानं येत नाही, बाळंतपणातच आत शिरलेला असतो. भले माणूस होते, खरंच सांगत असतील. पण त्या घरात ते कोणालाच पटलं नाही. मलाही नाही. पटवून घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

जतनबाई गेली.

तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी माझ्यात तापवलं नाही. ते अंगणात तीन विटांवर, मातीच्या मडक्यात तापलं. रीतच तशी आहे. मी न्हाणीत होतो, काठोकाठ भरलेला.

कामरगावहून जावई आले, सासू आली, रडून गेली. पोर लहान, म्हणून आजीजवळच ठेवली. तिला सुंदर म्हणू लागले. गाईच्या दुधावर ती वाढेल असं सगळे एकमेकांना सांगत होते. माझ्यात पुन्हा जाळ झाला नाही. घरातली माणसं गार पाण्यानं न्हाऊ लागली. बाळापुरतं पाणी अंगणातल्या त्याच तीन विटांवर तापायचं. शिक्षा कोणाला होती कोण जाणे.

मग एका सकाळी कांती न्हाणीत आला. मला मिठी मारावी तसं उचललं, पाणी अंगावर सांडलं तरी ओतून टाकायला थांबला नाही. खांद्यावर घेतलं आणि भर बाजारातून चालू लागला. कोणी हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही. जानरावच्या दुकानात मला धाडकन खाली टाकलं.

"हा फोड. मोठा कर."

"कितीचा करू?"

"चार घागरीचा. नाही, पाच. सहा कर."

जानरावचा हात हातोडीकडं गेला आणि जिभेनं सवयीचा प्रश्न विचारला. "मानसं किती घरात?"

"बाबूजी," कांती म्हणाला. "आई. मी. जि—"

तो तिथंच थांबला. जानरावनं हातोडी हळूच खाली ठेवली. 

"बस कांतीभाऊ," जानराव म्हणाला. "चहा सांगतो."

"नको मले चहा." त्यानं माझ्या पोटावर एक बुक्की मारली. मग दुसरी. "हा कायले केला तुमी अडीचचा? मी चार म्हनत होतो ना? म्हनत होतो का नाही?"

"म्हनत होते."

"मंग माहं कोनी काहून नाही ऐकलं?"

  कांती चार म्हणत होता, हे खरं. आणि रोज सकाळी गिऱ्हाइकांशी भांडत दोन बादल्या ओतून घ्यायचा, हेही त्याला आता आठवत असणार. त्याची मूठ सोलून निघाली होती.

दारात सावली पडली. शेठजी होते. मुलगा बंब खांद्यावर घेऊन निघालाय हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. ते ओरडायला आलेत असं मला वाटलं. ते खाली बसले, जानरावच्या कोळशाच्या ढिगाशेजारी, धोतर काळं होईल याचा विचार न करता.

"जानराव," ते म्हणाले, "धरा. सांगतो मी."

जानरावनं हिशेब मांडायला कोळशाचा तुकडा उचलला.

"लेकराचं पानी धरा. लेकराची आजी, ती दोनदा न्हाते. ती दोनदा धरा. तिले गार बरं लागते म्हनते, ते धरू नका. विसन अजिबात धरू नका. घरात उद्या कोनी बाळंतीन आली, आजारी पडलं, तिची बादली सगळी कढत धरा, अन् ती आधी धरा. आमच्या दोघांचं जे उरन त्यात."

"आता मोजून राह्यले तुमी," कांती म्हणाला.

"हो."

"आता येते तुमाले मोजता."

"आता येते," शेठजी म्हणाले.

कांतीनं माझ्यावर डोकं टेकलं. त्याचं कपाळ तापलेलं होतं आणि मी गार होतो. तो रडला. आवाज न करता नाही, मोठ्यानं, बाजारात ऐकू जाईल असा. शेठजींनी त्याच्या पाठीकडं हात नेला. तो झटकला जाईल असं त्यांना वाटलं असावं, म्हणून हात मध्येच थांबला. मग त्यांनी तो ठेवला. कांतीनं झटकला नाही, पण वळूनही पाहिलं नाही.

थोड्या वेळानं शेठजी म्हणाले, "चाल घरी."

"मी नाही येत."

"सुंदरच्या न्हायची वेळ झाली. तुही आई एकटी हाये."

"पानी कोनी ठेवलं विटेवर?"

"कोनीच नाही अजून."

कांती उठला. बाहीनं नाक पुसलं. वडिलांसाठी थांबला नाही, माझ्याकडं पाहिलं नाही. धावतच गेला.

आता जानराव मला फोडणार आहे. सांधे सोडवेल, नळी काढेल, माझा पत्रा पसरेल, त्याला दुसरा पत्रा जोडून मोठा बंब करेल. त्या बंबाला मी आठवेन की नाही, सांगता येत नाही. मला त्याचं दुःख नाही. त्याच्या पोटातली एक बाजू तरी मी असेन.

दुःख एवढंच, की मोठं होणं इतकं सोपं होतं. आणखी हातभर पत्रा. तोही जानरावच्या दुकानात तेव्हाच, माझ्या शेजारीच उभा करून ठेवलेला होता.

तुम्हीही कधी बंब करायला टाकाल. तांबट विचारेल, माणसं किती. तुम्ही घरात जाऊन एकेकाला विचाराल. जी म्हणेल मला एक पुरे, मला गारच बरं, तिला पुन्हा विचारू नका. ती पुन्हा तेच म्हणेल. उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी बादली कढत भरा, न्हाणीत ठेवा, तिला आत पाठवा आणि दार ओढून घ्या. ती बाहेर येईपर्यंत कोणी हाक मारू नका. मग बादलीत किती उरलं ते पाहा, आणि तेवढ्यावरून बंब सांगा.

जानरावनं भाता सुरू केला. येतो मी. जतनबाई, तुला नीट न्हाऊ घालायचं राहून गेलं.